गेलं की अडखळलं

‘बाई, चावीचं काय ठरलं? तीन आठवडे झाले.’

प्रमिलाच्या फोनवर हा मेसेज आला तेव्हा मी चहा ठेवत होतो. पाहुणे आदल्या दिवशी आपापल्या गावी गेले होते. मुलगीही सकाळच्या गाडीनं हैदराबादला निघाली होती. बायको गेल्यापासून घरात मी पहिल्यांदाच एकटा होतो. तिचा फोन मी रोज चार्जिंगला लावत होतो. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

चष्मा लावून पाहिलं. ‘बोलकी’ नावाचा ग्रुप होता. मी एका बोटानं उत्तर लिहिलं, ‘बाई गेल्या.’

लगेच कुणीतरी विचारलं, ‘कुठं?’

दुसऱ्यानं लिहिलं, ‘कधी येतील? तिथं रेंज असेल तर तिथूनच सांगा म्हणावं.’

मी जरा वेळ त्या अक्षरांकडं बघत बसलो. राग आला नाही. चूक माझीच होती, शब्दच तसा होता. मग लिहिलं, ‘वारल्या. दोन आठवडे झाले. मी शेटे, त्यांचे मिस्टर.’

चहा उतू गेला. मी ओटा पुसत होतो तेवढ्यात फोन वाजायला लागला आणि पुढचे कित्येक दिवस तो वाजतच राहिला.

पहिला फोन पुण्याच्या मकरंद दातारचा.

‘काका, मी मकरंद. बाईंचा आठवी ब मधला.’ एवढं बोलून तो रडायला लागला. चाळिशीचा माणूस, चांगल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मीच त्याला म्हणालो, ‘अरे, पाणी पी जरा.’

‘बोलकी’ म्हणजे काय, हे मला तोवर अर्धवटच माहीत होतं. संगणकावरचं किंवा फोनवरचं मराठी वाचून दाखवणारी ती एक सोय आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. मकरंदनं नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी बसून ती सुरू केली. मग आणखी लोक आले. सगळे आपापल्या घरून करणारे, कुणाला पगार नाही. सगळा मालमसाला इंटरनेटवर एका पानावर उघडा ठेवलेला. कुणीही बघावा, कुणीही बदल सुचवावा. फक्त सुचवलेला बदल आत घ्यायचा तर एक मंजुरीचं बटण दाबावं लागतं. ते बटण प्रमिलाकडं होतं.

ती बार्शीच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवत होती. निवृत्त झाल्यावर मकरंद एकदा पेढे घेऊन आला आणि त्यानं तिला बोलकी ऐकवली. बोलकीनं वाचलं, ‘भेंडी जून निघाली.’ पण ‘जून’ असं म्हटलं, जसा शाळा सुरू होण्याचा महिना. प्रमिला इतकी हसली की तिला ठसका लागला.

‘अरे, मग मे निघाली असती तर कोवळी असती का?’

तिथून ती अडकली. आपल्या भाषेत च आणि ज दोन-दोन आहेत. चहातला च वेगळा, चाकातला वेगळा. लिहायला अक्षर मात्र एकच. माणसाला कळतं, यंत्राला सांगावं लागतं. अशा शब्दांची यादी करायची, हे तिचं काम झालं. माझं काम वाट बघायचं. रोज संध्याकाळी ती फोन घेऊन आतल्या खोलीत जायची आणि तासभर बाहेर यायची नाही. भाकरी गार व्हायची.

‘काय एवढ्या गप्पा मारता?’ मी विचारायचो.

‘काम आहे, अहो.’

‘कामात एवढं हसू येतं का?’

‘तुम्हाला नगरपालिकेच्या पाणी खात्यात कधी आलं नाही, म्हणून काय कुणालाच येऊ नये?’

आधी बोलकीत पंधरा-वीस लोक होते. मग एका पेपरात बातमी आली आणि दोनेकशे झाले. प्रत्येकाला वाटायचं, आपल्या घरी बोलतात ते खरं. एकानं शब्द बदलावा, दुसऱ्यानं परत तसा करावा. भांडण विकोपाला गेलं ते नेमकं ‘चावी’ या शब्दावरून. मकरंद आणि त्याच्या पुण्याच्या मंडळींचं म्हणणं, चावीतला च चहातला. विदर्भ, मराठवाड्यातल्या काही लोकांचं म्हणणं, आमच्या घरात तो चाकातला आहे आणि आमची घरं काही महाराष्ट्राबाहेर नाहीत. त्यांच्या बाजूनं प्रणिता तायडे बोलायची. अकोल्याच्या कॉलेजात शिकवणारी मुलगी.

आता बाई गेल्या आणि बटण कुणाकडंच राहिलं नाही. प्रमिलाच्या संगणकावर ते पान उघडंच होतं. तिथं कुणाचं नाव घातलं की त्याला अधिकार मिळणार होता. त्यामुळं ज्याला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं तो मी एकदम मोठा माणूस झालो.

‘काका,’ मकरंद म्हणाला, ‘तीन जाणकारांची समिती करू. त्यांनी ठरवायचं. नाहीतर रोज हा गोंधळ. तुम्ही फक्त माझं नाव घाला.’

त्याच दिवशी प्रणिताचा फोन. ‘काका, जेवलात का? काय जेवलात?’ आधी हे. मग म्हणाली, ‘समितीत कोण असणार हे मले आजच माहीत आहे. तिघंही एकाच पेठेतले. तसं झालं तर आम्ही वेगळे होऊ. आमची बोलकी वेगळी काढू.’

‘असं कसं काढता येईल? परवानगी नको का?’

‘नाही लागत ना, काका. उघडंच आहे सगळं. पूर्ण उचलायचं आणि दुसऱ्या नावानं सुरू करायचं. नियमातच आहे ते.’

मी विचारलं, ‘मग दोन झाल्यावर वापरणाऱ्यानं कुठली घ्यायची?’

तिनं परत जेवणाचंच विचारलं. मकरंदला विचारलं तर त्यानं पुन्हा समितीचंच सांगितलं. दोघंही वाईट नव्हते. दोघांच्याही बोलण्यात प्रमिलाची आठवण यायची. मी दोघांना एकच उत्तर देत होतो, ‘बघू.’

मग एका दुपारी दारात एक बाई उभी. पस्तिशीची, हातात पांढरी काठी, खांद्याला पर्स.

‘शेटे काका ना? मी रुक्साना मुजावर. कुर्डुवाडीहून आले.’

‘एकटी आलात?’

‘एसटीत एकटं कोण असतं, काका? शेजारणीनं बार्शीपर्यंत सुनेची गाऱ्हाणी सांगितली.’

ती आत आली. काठीनं दोनदा चाचपून खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘बाई म्हणायच्या, आमच्याकडं पंखा लावला की खटखट वाजतो. लावा की, ऐकू दे.’ मी पंखा लावला. तो वाजला. ती हसली आणि मग तिनं पर्समधून रुमाल काढून डोळे पुसले.

ती मुलींच्या शाळेत नववी-दहावीला इतिहास शिकवायची. लहानपणी तापात तिचे डोळे गेलेले. वर्गात ती धडा बोलकीकडून मोठ्यानं वाचून घ्यायची आणि मध्ये मध्ये थांबवून समजावून सांगायची. मुलींना ते आवडायचं. पण महिन्याभरापूर्वी बोलकीची नवी आवृत्ती आली आणि बिघडलं.

‘राजे गडावर जात असत, असं पुस्तकात आहे. ती वाचते जात. जातीच्या दाखल्यातली जात. मावळे निघून जात, दूत परत जात, जिथं तिथं जातच. पोरी फिदीफिदी हसतात. एक म्हणाली, मॅडम, तुमचा संगणक सगळ्यांना जात विचारतोय.’

मलाही हसू आलं. तीही हसली, पण लगेच थांबली.

‘मुख्याध्यापिका म्हणाल्या, दिवाळीनंतर दहावीचा इतिहास दुसऱ्यांना देऊ, तुम्ही लायब्ररी बघा. चांगल्या आहेत त्या, पण त्यांना वर्गात शांतता पाहिजे. काका, लायब्ररीत मी काय बघणार?’

‘जुनी आवृत्ती परत घालता येत नाही?’

‘शाळेचे संगणक नवे आलेत, त्यावर जुनी चालत नाही. दुरुस्ती झाली पाहिजे. तिकडं मकरंदसर आणि प्रणिता भांडतायत आणि बटण तुमच्या घरात आहे. म्हणून आले.’

मी म्हणालो, ‘कुणाला देऊ ते कळत नाही. प्रमिला असती तर तिनं ठरवलं असतं.’

रुक्साना म्हणाली, ‘बाई कधीच ठरवत नव्हत्या.’

‘म्हणजे?’

‘त्या विचारायच्या. रोज संध्याकाळी मला फोन करायच्या. आलेला शब्द वाक्यात घालून बोलकीकडून वाचून घ्यायच्या. मी तो ऐकायचा आणि दोनातलं एक सांगायचं, गेलं की अडखळलं. अर्थ लागून कान पुढं सरकला की गेलं. काय म्हणाली, असं क्षणभर जरी वाटलं तर अडखळलं. मी गेलं म्हटलं की मग त्या बटण दाबायच्या. कधी कधी मी एकटी पुरायची नाही. मग परभणीचे एक वकील आहेत, मालवणला एक मुलगी आहे, त्यांना लावायच्या. सगळे न बघणारे.’

मी खुर्चीत मागं टेकलो. भाकरी गार व्हायची ती यासाठी.

‘आणि हसायचं काय असायचं मग?’

‘वाक्यं, काका! बाई वाक्यं काय करायच्या! तुम्ही असायचात त्यात. आमच्या ह्यांनी जरा बटाटा चिरला आणि जरा बोट.’

दोघांना मीच फोन केला. म्हटलं, रविवारी बार्शीला या, कुणाचं नाव घालायचं ते समोरासमोर बोलू. दुसराही येणार आहे, हे दोघांनाही सांगितलं नाही. प्रणिता रात्रीच्या बसनं आली, मकरंद सकाळी गाडीनं. दारातच दोघांची गाठ पडली.

‘तुम्ही?’ मकरंद म्हणाला.

‘काऊन? काका फक्त पुण्याचे आहेत का?’

रुक्साना आधीच येऊन बसली होती, ती आतूनच ओरडली, ‘चपला काढून भांडा, फरशी पुसलीय.’

चहा होईपर्यंत दोघं सभ्यपणे बोलले. मग चावी निघाली. मकरंदनं शब्दकोशाचे फोटो आणले होते. प्रणितानं सात गावांतल्या लोकांचे आवाज फोनमध्ये भरून आणले होते. त्यातली एक म्हातारी चावी हरवली म्हणून सुनेला शिव्या देत होती. आम्ही सगळे हसलो, पण मकरंद म्हणाला, ‘हे ठीक आहे. पण उद्या प्रत्येक घराची वेगळी मराठी वाचायची का?’

‘आणि तुमच्याच घराची वाचायची का?’

रुक्साना म्हणाली, ‘मला ऐकवा ना. दोन्ही.’

प्रणितानं आपल्या लॅपटॉपवर दोन्ही तऱ्हा करून आणल्या होत्या. तिनं वाक्य लिहिलं, ‘कपाटाची चावी खिडकीत ठेवली आहे.’ एकदा चहातल्या च नं वाजलं, एकदा चाकातल्या.

रुक्साना म्हणाली, ‘गेलं. दोन्ही गेली.’

‘म्हणजे बरोबर कुठलं?’ मकरंदनं विचारलं.

‘ते मला काय माहीत, सर? मला दोन्हीत कपाट उघडता येतं.’

मकरंदनं फोटोंकडं बघितलं. प्रणिता फोनमधल्या म्हातारीकडं बघत होती. महिनाभर दोनशे माणसं ज्यावरून भांडली ते तिथं एवढ्यात संपलं.

मग रुक्सानानं स्वतःच्या संगणकावर इतिहासाचा धडा लावला. ‘राजे गडावर जात...’ तिनं तिथंच बोट दाबून थांबवलं.

‘अडखळलं. हे इथं माझ्या वर्गाचं वाटोळं होतंय. आणि याच्यावर ग्रुपमध्ये कुणी भांडत नाही.’

मकरंदचा चेहरा उतरला. ‘ती माझी यादी,’ तो म्हणाला. ‘मशीनकडून काढलेली, हजारो शब्दांची. लोक इतके वाढले की एकेक शब्द बघणं शक्यच नव्हतं. म्हणून एकदम घातली.’

‘बाईंनी ती घेतली कशी?’ प्रणितानं विचारलं.

‘मी दोनदा फोन केला. आजच घ्या म्हणालो, आवृत्ती निघायची होती.’

रुक्साना हळू म्हणाली, ‘त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला नाही. मी वाट बघत होते.’

ती संध्याकाळ मला आठवत होती. प्रमिलाला बरं वाटत नव्हतं. ती संगणकापाशी उभ्या उभ्याच काहीतरी दाबून आली आणि न जेवता आडवी झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला दवाखान्यात नेलं. मकरंद माझ्याकडं बघेना. मी म्हणालो, ‘तू सांगितलंस म्हणून नाही रे. तिला लवकर निजायचं होतं. एवढंच.’

तो मान खाली घालून बसला. प्रणितानं त्याच्यासमोरचा गार झालेला चहा उचलला, आत जाऊन गरम करून आणला आणि त्याच्या हातात दिला.

मी उठून प्रमिलाच्या संगणकापाशी गेलो. म्हणालो, ‘रुक्सानाचं नाव घालतो.’

‘पण काका,’ मकरंद म्हणाला, ‘तिला कोडमधलं...’

‘बाईंना तरी कुठं येत होतं?’ प्रणिता म्हणाली. ‘त्या तर एंटर दाबा म्हटलं की कुठून आत जाऊ विचारायच्या.’

पण रुक्सानाच नको म्हणाली. ‘माझं एकटीचं नाव घातलंत तर उद्या दोनशे लोक माझ्या मागं लागतील. मला शाळा आहे. तुम्ही आम्हा तिघांची नावं घाला. दाबायचं कुणीही दाबा. पण आम्हा न बघणाऱ्यांपैकी कुणीतरी ऐकून, गेलं, असं म्हटल्याशिवाय दाबायचं नाही. आणि आमच्यातला म्हणजे कुर्डुवाडीचाच नको. चार बाजूंचे चार ऐकणारे ठेवा. लोक वाढले तर ऐकणारेही वाढवा.’

‘वेळ लागेल,’ मकरंद म्हणाला.

‘लागू दे. आम्हाला रांगेची सवय आहे.’

‘आणि दोन्ही गेली तर? चावीसारखी?’ प्रणितानं विचारलं.

‘तर दोन्ही ठेवा. ज्याला जी हवी ती त्यानं निवडावी.’

मकरंदनं जरा विचार केला. ‘तशी सोय करता येईल,’ तो म्हणाला. ‘काम वाढेल.’ पण बोलता बोलता त्यानं लॅपटॉप पुढं ओढला होता. प्रणिता त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसली.

त्यांनी मला कुठं काय लिहायचं ते दाखवलं. मी एका बोटानं तीन नावं घातली. प्रत्येक वेळी संगणकानं विचारलं, नक्की का? मी तिन्ही वेळा हो म्हटलं. वरच्या कोपऱ्यात प्रमिलाचा छोटा फोटो होता, शाळेच्या स्नेहसंमेलनातला. त्याच्याखाली आता आणखी तीन माणसं दिसायला लागली. मला वाटलं होतं, त्या क्षणी काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटेल. तसं वाटलं नाही. भूक लागली होती.

शेजारच्या काकूंकडून भाकरी आणल्या, घरात शेंगाची चटणी होती, पिठलं मी केलं. गुठळ्या झाल्या. प्रणिता म्हणाली, ‘काका, हे अडखळलं.’ सगळ्यात मोठ्यानं मकरंद हसला.

जात दुरुस्त व्हायला संध्याकाळ झाली. यादीतले संशयाचे शब्द एकेक करून वाक्यात घालायचे, बोलकीनं वाचायचं, रुक्सानानं सांगायचं. गेलं. गेलं. अडखळलं. गेलं. मध्येच तिनं परभणीच्या वकीलसाहेबांना फोन लावला. ते कोर्टातल्यासारखे ‘हरकत नाही’ म्हणायचे. शेवटच्या एसटीची वेळ झाली तेव्हा मकरंद म्हणाला, मी सोडतो गाडीनं. प्रणिताला बसस्टँडवर सोडायचं होतं, म्हणून तिघंही त्याच गाडीतून गेले. कोपऱ्यापर्यंत मला त्यांच्या भांडणाचा आवाज येत होता. शब्द नवा होता.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. बोलकी एकच राहिली. ऐकणारे चाराचे चाळीस झाले. वेळ लागतो, त्यावरून कुरकूर असते, काही लोक कंटाळून सोडूनही गेले. रुक्सानाकडचा दहावीचा इतिहास कुणी काढून घेतला नाही. दिवाळीनंतर तिनं वर्गात धडा लावला, राजे गडावर गेले आणि कुणी हसलं नाही. तिनं मला फोनवर सांगितलं, ‘एक पोरगी तर नाराज झाली, काका. म्हणाली, आधीच मजा होती.’

वाक्यं मी करून देतो. झालं असं की मकरंदची वाक्यं सगळी सरकारी पत्रासारखी आणि प्रणिताची भाषणासारखी. रुक्साना म्हणाली, काका, तुम्हीच करा, बाईंसारखी साधी. संध्याकाळी मी तिला फोन लावतो. माझ्या वाक्यांत पाणी फार येतं. नळाला पाणी जरा कमी आहे. टाकी चोंदली. ती म्हणते, काका, नगरपालिकेतून निवृत्त व्हा आता. हल्ली मी जेवण आधी उरकून घेतो, म्हणजे भाकरीची घाई नसते.

एक शब्द मात्र राहिला आहे. ‘जग’. ‘जग मोठं आहे’ लिहिलं तर बोलकी नीट वाचते. ‘तू शंभर वर्षं जग’ लिहिलं तरी नीट वाचते. पण एका ओळीत नुसतं ‘जग’ एवढंच लिहिलं असेल तर त्याला मागं-पुढं काही नसतं. मकरंदला ते जमलं नाही, प्रणितालाही नाही. रुक्साना दोन्ही तऱ्हांना अडखळते. तो शब्द अजून तसाच आहे.